वडील एडी, मुलगा जीएम: दोन खुर्च्यांतला फरक

ऑलिव्हर लक आणि त्यांचा मुलगा अँड्र्यू, दोघेही अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारे खेळाडू. वडील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे, मुलगा स्टॅनफर्डचा. दोघेही पुढे आपापल्या विद्यापीठात कारभार पाहायला परतले, म्हणून दोघांचं पद एकच समजलं जातं. तसं नाही. ऑलिव्हर 2010 मध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एडी झाले. अँड्र्यू नोव्हेंबर 2024 मध्ये फुटबॉलचा जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम झाला.

एडीकडे सगळे खेळ येतात. स्टॅनफर्डमध्ये ते 36 आहेत. कुठल्या खेळाला किती पैसा, मुलींच्या संघांना कायद्याने द्यायची समान संधी, देणगीदार, कॉन्फरन्स (म्हणजे विद्यापीठ ज्या लीगमध्ये खेळतं ती), अगदी स्टेडियमचं फाटकसुद्धा. वेस्ट व्हर्जिनियात मध्यंतराला प्रेक्षक बाहेर जाऊन पार्किंगमध्ये पिऊन परत यायचे. ऑलिव्हर यांनी 2011 मध्ये ही ये-जा बंद केली आणि आतच बिअर विकायला काढली. हा खास एडीचा निर्णय: एकाच वेळी शिस्तीचा आणि उत्पन्नाचा.

जीएमचं जग एका संघातल्या खेळाडूंच्या यादीएवढं, पण ती यादी रोज हलते. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, तीही सगळ्या खेळांना मिळून. त्यातला फुटबॉलचा वाटा किती, हे सहसा एडीच्या पातळीवर ठरतं. तो वाटा जास्तीत जास्त 105 जणांत कसा बसवायचा, हे जीएमने बघायचं. शाळकरी मुलांवर किती लावायचे, ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून) तयार खेळाडू किती घ्यायचे, आपला कोण निघून जाईल, सगळा हिशेब त्याच्याकडे.

गडबड बहुतेकदा आकडा सांगताना होते. खेळाडूला सांगितलेल्या रकमेत बाहेरच्या जाहिरातीचे पैसेही धरलेले असतात. असा 600 डॉलर किंवा त्याहून मोठा करार तपासणीसाठी नोंदवावा लागतो. तिथे तो अडकला की कबूल केलेली रक्कम अपुरी पडते, आणि खेळाडू पोर्टलची वाट धरतो. म्हणून विद्यापीठाचे पैसे आणि बाहेरचे पैसे पहिल्या बोलण्यापासून वेगळे सांगावेत. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या जीएमची सवय इथे पुरत नाही, कारण ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, इथे नाही आणि खेळाडू बरीच वर्षं बांधून ठेवता येत नाही.

घोळ वाढतो तो स्टॅनफर्डमुळेच. एरवी जीएम एडीच्या किंवा मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली असतो. अँड्र्यूला मात्र थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांना उत्तर द्यायचं होतं. मार्च 2025 मध्ये त्याने मुख्य प्रशिक्षक ट्रॉय टेलर यांना काढलं आणि त्या हंगामापुरते फ्रँक राइक यांना आणलं. हे काम इतरत्र एडीचं. त्यामुळे नुसतं पदनाम वाचून भागत नाही. प्रशिक्षकाला काढायचा अधिकार कोणाकडे आहे, ते आधी विचारावं.