ऐंशीनंतरची कोलेस्टेरॉलची गोळी: ती इथवर आली कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ऐंशी ओलांडलेल्या अनेक आज्जी-आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात एक गोळी रात्रीची असते. ती कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली असते, बहुधा अॅटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन. ती कधी आणि कशासाठी सुरू झाली, असं घरच्यांना विचारलं तर उत्तर मिळतं, “डॉक्टरांनी दिली होती, तेव्हापासून चालू आहे.” ऐंशीनंतर ही गोळी चालू ठेवावी की थांबवावी, या वादाचं मूळ माझ्या मते या उत्तरातच आहे. या गोळीचा पुरावा तयार झाला तो मुख्यतः पन्नाशी-साठीच्या माणसांवर. ती माणसं गोळी घेत घेत म्हातारी झाली आणि त्यांच्याबरोबर गोळीही ऐंशीच्या पलीकडे गेली.

सुरुवात जपानमध्ये झाली. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी १९७१ मध्ये बुरशींची तपासणी हाती घेतली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होताना जे एन्झाइम लागतं, ते अडवणारा पदार्थ त्यांना हवा होता. सुमारे ६,००० बुरशी पाहून झाल्यावर तो सापडला तो क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. या शोधाचं महत्त्व पुढे ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या कामामुळे नीट उमगलं. यकृताची स्वतःची निर्मिती कमी झाली की ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं, हे त्यातून स्पष्ट झालं. या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. १९८७ मध्ये अमेरिकेत याच रीतीने काम करणाऱ्या लोवास्टॅटिन या स्टॅटिनला मंजुरी मिळाली. शरीर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं आणि सुरुवातीच्या स्टॅटिनचा असर थोडे तासच टिकायचा, म्हणून गोळी रात्री घ्यायची पद्धत पडली. आजच्या अॅटोरवास्टॅटिनला ती वेळ पाळायची तशी गरज नाही, पण पद्धत टिकून आहे.

डॉक्टरांचा विश्वास बसला तो १९९४ च्या ‘फोर-एस’ या स्कॅन्डिनेव्हियन अभ्यासाने. त्यात ४,४४४ रुग्ण होते, सगळ्यांना आधीच अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा हार्ट अटॅक झालेला, आणि सिम्वास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. औषधांच्या इतिहासात इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. मात्र त्या रुग्णांची वयं ३५ ते ७० होती.

त्याच काळात हॉलंडमधल्या लायडन शहरातून वेगळीच बातमी आली. तिथे ८५ आणि त्यावरच्या वयाच्या लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला, आणि १९९७ मध्ये दिसलं ते असं की या वयात ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, ते जास्त जगले. यावरून कोलेस्टेरॉल वाढवावं असा अर्थ मुळीच निघत नाही. कॅन्सर, जंतुसंसर्ग, खाणं तुटणं यांतही कोलेस्टेरॉल खाली जातं. पण पन्नाशीतला रिपोर्ट जसा वाचतात तसा पंच्याऐंशीतला वाचून चालत नाही, एवढं त्यातून ठरलं.

मग २००२ मध्ये ‘प्रॉस्पर’ हा अभ्यास आला, खास वृद्धांसाठी आखलेला: स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधले ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक. प्रावास्टॅटिनने हृदयविकाराचा मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. तीन वर्षांत पक्षाघात वेगळा कमी झाला नाही, एकूण मृत्यूही नाहीत. २०१९ मध्ये २८ चाचण्यांतल्या १,८६,८५४ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पंचाहत्तरीच्या वरचे फक्त ८ टक्के निघाले. आधी अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना त्या वयातही फायदा दिसला. तसं काहीच झालेलं नसलेल्यांबाबत पुरावा पातळ होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदल या तज्ज्ञांच्या समितीनेही ७६ आणि पुढच्या वयात नव्याने गोळी सुरू करण्याबाबत पुरावा अपुरा असल्याचं नोंदवलं.

म्हणजे गोळी सरसकट बंद करावी का? तसंही नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. फ्रान्समध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या, स्टॅटिन घेणाऱ्या सुमारे १,२०,००० लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. ज्यांनी गोळी थांबवली, त्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या त्रासाने दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचा धोका ३३ टक्के जास्त होता. उलट, आयुष्य थोडंच उरलेल्या ३८१ अमेरिकन रुग्णांत २०१५ मध्ये दिसलं की गोळी थांबवल्याने ६० दिवसांतल्या मृत्यूंत ठोस फरक पडला नाही, आणि रुग्णांना जरा बरंच वाटलं. पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या १०० जणांत या गोळीने हार्ट अटॅक किंवा पक्षाघातासारखा एक मोठा झटका टाळायला सुमारे अडीच वर्षं लागतात, असा हिशेब २०२१ मध्ये मांडला गेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी ती अडीच वर्षं आहेत का, हे घरच्यांशी बसून बोलायला हवं.

आपल्याकडे ही गोळी इतकी सहज पोहोचली ती १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर होतं. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी स्वस्त अॅटोरवास्टॅटिन तालुक्याच्या मेडिकलपर्यंत नेलं. तंबाखूच्या वखारींत जन्म घालवलेल्या निपाणीच्या माणसाला अटॅक आल्यावर ही गोळी परवडली, ही मी मोठीच गोष्ट मानतो. पण त्याच बाजारात अॅस्पिरिन आणि अॅटोरवास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये आलं, कधी सोबत, अॅस्पिरिनसारखंच रक्ताची गुठळी होऊ न देणारं, क्लोपिडोग्रेलही. अशी कॅप्सूल घरच्यांनी परस्पर बंद केली, तर स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी) उघडा ठेवणारं औषधही त्याच दिवशी थांबतं. कॅप्सूल तशीच चालू राहिली, तर पोटातून रक्त जाण्याचा अॅस्पिरिनचा धोका ऐंशीनंतरही सोबत राहतो.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण आजारी माणूस मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला जातच राहिला. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये निघालं. अँजिओप्लास्टी एका राज्यात, पुढची तपासणी दुसऱ्या राज्यात, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि तेही कुठल्या तरी ट्रंकेत. म्हणून पंच्याऐंशीच्या आजोबांची गोळी अटॅकनंतर लागली होती की नुसता रिपोर्ट जास्त आला म्हणून, हे समोरच्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. या वयात ती ठेवायची की काढायची हे सगळं त्यावरच ठरतं. तपासणीला जाताना ते जुनं कार्ड शोधून न्यावं, आणि कॅप्सूल असेल तर तिच्यात काय काय आहे ते पाकिटावरून उतरवून डॉक्टरांसमोर ठेवावं.