तुलुमचा एकांत कुठून आला?

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, तुलुमच्या भग्नावशेषांच्या दक्षिणेला, समुद्र आणि झाडी यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात महागडी रिसॉर्ट्स दडलेली आहेत. तिथे पैसे मोजायचे ते मुख्यतः एकांताचे. पण या जागेचा मूळ स्वभाव एकांताचा नाही.

तेराव्या ते पंधराव्या शतकांत तुलुम हे माया लोकांचं गजबजलेलं बंदर होतं. समोरच्या प्रवाळरांगेत एक खिंड आहे, तिच्यातून मालाच्या होड्या किनाऱ्याला लागत. ग्वाटेमालाच्या डोंगरांतली ज्वालामुखी काच इथवर येई. समुद्राकडे सुमारे १२ मीटरचा कडा, उरलेल्या तीन बाजूंना दगडी तट. युकातान या द्वीपकल्पाच्या माया भाषेत ‘तुलुम’ म्हणजे तटबंदीच. मूळ नाव बहुधा ‘झामा’, पहाटेशी नातं सांगणारं, आणि पूर्वेला तोंड करून उभ्या असलेल्या या गावाला तेच शोभतं. १५१८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी हुआन दे ग्रिखाल्वाच्या मोहिमेतल्या पाद्र्याला याच किनाऱ्यावर स्पेनमधल्या सेव्हिल शहराएवढं गाव दिसलं होतं. ते तुलुमच असावं, असं मानतात.

मग स्पॅनिशांसोबत आलेल्या रोगांनी माणसं नेली आणि गाव ओस पडलं. प्रवासलेखक स्टीफन्स आणि चित्रकार कॅथरवुड १८४२ मध्ये पोहोचले, तेव्हा तटावर जंगल माजलं होतं.

आजच्या एकांताचं खरं मूळ त्यानंतरचं आहे आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. १८४७ मध्ये युकातानच्या माया शेतकऱ्यांनी बंड केलं. ‘बोलणाऱ्या क्रुसा’चा, म्हणजे ज्यातून देव बोलतो असं ते मानत त्या क्रुसाचा, कौल मानणाऱ्या बंडखोरांची राजधानी चान सांता क्रूझ होती. तुलुमलाही असंच एक देवस्थान होतं. १८७० च्या सुमारास तिथली प्रमुख मारिया उइकाब नावाची स्त्री होती, तिला लोक राणी म्हणत. १९०१ मध्ये मेक्सिकोच्या फौजेनं राजधानी घेईपर्यंत परक्याला या भागात पाऊल टाकणं धोक्याचं होतं. आज पर्यटकांना भावणारी निर्मनुष्यता बरीचशी त्या लढ्याची देणगी आहे.

पुढचं झपाट्यानं घडलं. १९७० पासून सरकारनं उत्तरेला कांकून हे पर्यटनशहर उभारलं, १९७४ मध्ये तुलुम ज्यात येतं ते क्विंताना रो राज्य झालं. १९८६ मध्ये दक्षिणेचं सियान कान हे निसर्गक्षेत्र संरक्षित झालं, त्यामुळे किनाऱ्यावरचं बांधकाम त्याच्या वेशीपाशी अडलं. वीजवाहिनी नसल्यानं या पट्ट्यातली हॉटेलं वर्षानुवर्षं जनरेटर आणि सौरपट्ट्यांवर चालली.

डिसेंबर २०२३ मध्ये तुलुमचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्याला युकातानचे एकेकाळचे गव्हर्नर फेलिपे कारिओ पुएर्तो यांचं नाव दिलंय. चान सांता क्रूझ या जुन्या राजधानीचंही आजचं नाव तेच आहे.