रडणारं भाजणं आणि गप्प भाजणं: दवाखान्यात आधी कोणाला न्यायचं?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही सगळे नागपुरात मानेवाड्याला ताईकडे जमलो होतो आणि दहा मिनिटांच्या आत घरातली दोन माणसं भाजली. सहा वर्षांच्या भाचीच्या पोटरीला कोणाच्या तरी हातातली विझलेली फुलझडीची तार लागली आणि तिने असा टाहो फोडला की शेजारचे गेटपाशी आले. तिकडे भाऊजी न पेटलेला अनार फटाका हातात उचलून पाहत होते, तो हातातच फुटला. तळहात पूर्ण काळा. पण ते म्हणाले, "मला काही नाही होऊन राहिलं, दुखून पण नाही राहिलं, पोरीकडे पहा आधी."

आम्ही पोरीकडे पाहिलं. पाणी, फुंकर, पेढा, सगळं तिला, आणि भाऊजी दुपट्ट्याने हात पुसून खुर्चीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात बघितल्या बघितल्या विचारलं, रात्री का नाही आणलं? पोरीची पोटरी बारा दिवसांत बरी झाली, डाग पण आता दिसत नाही. भाऊजींच्या हाताला मांडीची कातडी काढून लावावी लागली.

तर हे दोन प्रकार लोक हमखास उलटे समजतात म्हणून लिहितोय. आपल्या डोक्यात हिशोब सोपा असतो, जास्त दुखलं म्हणजे जास्त भाजलं, दुखत नाही म्हणजे वाचलो. भाजण्याच्या बाबतीत हा हिशोब चुकतो कारण दुखणं कळवणाऱ्या नसांची टोकं कातडीतच असतात. वरवर भाजलं की ती टोकं उघडी पडतात, नुसती हवा लागली तरी आग होते. खोल भाजलं की ती टोकंच जळून जातात, मग सांगणार कोण? आणि एक फसवी गोष्ट, खोल जखमेची कड मात्र दुखते कारण कडेला भाजणं वरवरचं असतं, त्यामुळे माणूस म्हणतो थोडंसंच दुखतंय, म्हणजे थोडंसंच भाजलंय.

आता दिसायला कसं ते. अगदी वरचा थर भाजला तर कातडी लालसर, कोरडी, हात लावू देत नाही, फोड नाही, आठवड्याच्या आत जाते. त्याच्या थोडं खाली गेलं की फोड येतो, फुटला तर आत गुलाबी आणि ओलं, प्रचंड दुखतं, पण साधारण दोन आठवड्यांत भरतं. भाचीचं हेच होतं, पोटरीवर बोटभर लांब फोड. खोल भाजलेली जागा मात्र पांढरट, तपकिरी किंवा काळी दिसते, कोरडी असते आणि हाताला जुन्या चपलेच्या चामड्यासारखी कडक लागते. स्वच्छ बोटाने हलकं दाबून सोडा. वरवरच्या भाजण्यात दाबल्यावर रंग जातो आणि एकदोन सेकंदात परत येतो, खोल भाजण्यात रंग बदलतच नाही कारण तिथलं रक्त वाहणंच बंद झालेलं असतं. फोडावर मात्र हा प्रयोग करू नका, फोड फोडायचा नाही.

आपल्याकडे एक अडचण आहे जी कुठल्याच चार्टवर लिहिलेली नसते, सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. "लाल झालं का बघा" म्हणतात पण लाल झालेलं दिसणार कसं? म्हणून रंगापेक्षा ओलं आहे की कोरडं, मऊ आहे की कडक हे बघा, आणि दुसरा हात किंवा पाय शेजारी धरून बघा.

आणि काजळी. फटाक्याने भाजलेला हात बारुदीने काळा होतो, त्यामुळे घाबरणारे घाबरतात आणि न घाबरणारे "काजळीच आहे, निघून जाईल" म्हणतात. दोघांचंही चुकतं कारण खरी कातडी अजून दिसलेलीच नसते. नळाखाली हात धरला की वरची काजळी निघून जाते, मग जे उरतं ते बघायचं. भाऊजींच्या हातावर काजळीखाली अंगठ्याच्या बुडाशी पांढुरका चट्टा होता, मेणासारखा. तो आम्ही सकाळी बघितला. रात्री कोणी नळाखाली हात धरलाच नव्हता.

पाणी दोघांनाही सारखंच. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून, कारण अंदाजाने धरलं तर माणूस तीन मिनिटांत हात काढतो. भाजल्यावर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. बर्फ नको, त्याने कातडीचं आणखी नुकसान होतं. लहान पोराला पूर्ण नळाखाली बसवू नका, फक्त भाजलेली जागा पाण्याखाली आणि बाकी अंग टॉवेलमध्ये, नाहीतर पोरगं थंडीने काकडतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, अर्ध्या तासात बोटं सुजली की मग अंगठी कापून काढावी लागते. चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ सुती कापड सैलसर टाका आणि निघा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यातलं काहीही लावू नका. आजी हळद घेऊन येईल, तिला प्रेमाने थांबवा. हळद आणि शाईचा रंग चढला की डॉक्टरला कातडीचा रंगच वाचता येत नाही, आणि हे सगळं मग घासून काढावं लागतं, त्याचा त्रास पेशंटला.

कोणाला घेऊन निघायचं? चेहरा, हात, पाय, सांधा, जांघ, यातलं काहीही भाजलं तर छोटं असलं तरी दाखवा. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का, त्या मापाने मोजा, लहान पोराचा एक पंजा भाजला तरी थांबू नका. पांढरं, कडक, न दुखणारं दिसलं की आकार विचारू नका. शुगरवाल्यांचं आणखी वेगळं, त्यांच्या पायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते, त्यांच्या बाबतीत दुखत नाही या शब्दाला काही किंमतच देऊ नका. डोळ्याला मार लागला असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, वरून कागदी कप उलटा धरून थेट हॉस्पिटल. दिवाळीच्या रात्री गल्लीतले दवाखाने बंद असतात, पण नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते, आणि गाडी नसेल तर १०८ लावा, पैसे लागत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा, विचारतात.

अजून एक, आज बरं दिसतंय म्हणून विषय संपत नाही. भाजलेली जागा पुढच्या दोनतीन दिवसांत आणखी खोल जाऊ शकते, पहिल्या रात्री गुलाबी दिसलेली जागा तिसऱ्या दिवशी पांढरी पडू शकते. म्हणून रोज उजेडात बघा, फोटो काढून ठेवा.

ग्रीन फटाक्यांबद्दल पण लोक विचारतात. ते आपल्याच नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने बनवले, २०१९ मध्ये बाजारात आले, धूर किमान ३० टक्के कमी व्हावा हा त्यामागचा उद्देश. धूर कमी म्हणजे भाजणार नाही असा अर्थ नाही. फुलझडीच्या ठिणग्या हजार अंशाच्या आसपास तापलेल्या असतात, ग्रीन असो की नसो, आणि विझल्यावर तार लगेच थंड होत नाही. बादलीत पाणी ठेवून विझलेली तार त्यातच टाकायची, चुईं आवाज आला म्हणजे ती किती गरम होती ते पोरांनाच कळतं. न पेटलेला अनार वाकून पाहायचा नाही, पुन्हा पेटवायचा नाही, हातात तर मुळीच घ्यायचा नाही, लांबून पाणी ओता.

दवाखान्यात पोचल्यावर एवढं सांगा: कोणता फटाका, किती वाजता, पाण्याखाली किती मिनिटं धरलं, वर काय लावलं होतं. भाऊजींच्या वेळी या चारपैकी तीन प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं, ताई नुसती हात बघत उभी होती.