इलेक्ट्रिक बेड घरी आला, आता हे वाचून ठेवा

बेड जोडून, रिमोट दाखवून आमचा माणूस निघतो तेव्हा समोर घरातलं एकच कुणीतरी असतं. रात्री पेशंटजवळ झोपणारा भलताच निघतो. म्हणून हा कागद पायथ्याच्या बोर्डाला अडकवून ठेवा.

आधी वीज. जुन्या घरांत, मळ्यातल्या घरांत सॉकेटला भोकं तीन असतात, पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. वायरमनला बोलावून तेवढं बघून घ्या. तिसरी पिन काढून प्लग घुसवायचा नाही. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की कूलर पेशंटजवळ येणारच. येऊ द्या, पण बेड आणि कूलर एकाच एक्स्टेंशनवर नको, आणि कूलरचं पाणी बेडखालच्या कंट्रोल बॉक्सवर उडायला नको.

लाइट गेली तर घाबरू नका. बेड आहे त्याच स्थितीत राहतो, धाडकन खाली येत नाही. तुमच्या मॉडेलला बॅटरी असेल तर प्लग कायम चालू ठेवा, नाहीतर ऐन वेळी ती रिकामी निघेल.

मोटर सलग चालवायची नसते. बहुतेक मोटरींवर छापलेलंच असतं: २ मिनिटं चालवा, १८ मिनिटं थांबा. नातवंडांनी खाली-वर खेळत मोटर तापवली की बेड अडून बसतो आणि आम्हाला फोन येतो. रिमोटला लॉक आहे, तो वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेड खाली घेण्याआधी वाकून खाली बघा. बेडपॅन, डबा, चपला, मांजर, रांगणारं मूल, काहीही असू शकतं. खाली येणारी लोखंडी फ्रेम कुणासाठी थांबत नाही. वायरही फ्रेमच्या सांध्यात सापडून कापली जाते. धान्याच्या कोठ्या असलेल्या घरात उंदरांचाही वायरवर डोळा असतो, तेव्हा आठवड्यातून एकदा हात फिरवून बघा.

पेशंट एकटा असेल तेव्हा बेड सगळ्यात खाली, चाकांचे ब्रेक लावलेले आणि कठडे वर. घरच्या कापसाच्या गाद्यांची थप्पी कठड्याला निकामी करते: गादी जितकी उंच, तितका कठडा ठेंगणा. गादी आणि कठडा यांच्यात फटही नको. भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या, अंगानं वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं किंवा हात तिथे अडकू शकतो. अशा पेशंटला कठड्याच्या भरवशावर सोडू नका, जवळ माणूस हवा.

लघवीची पिशवी कठड्याला टांगू नका. न हलणाऱ्या फ्रेमला, पेशंटच्या कमरेपेक्षा खाली टांगा. पाठ वर करताना लघवीची नळी आणि ऑक्सिजनची नळी ताणली जात नाही ना, तेही बघा.

पाठ उचलायच्या आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर घ्या, म्हणजे माणूस खाली घसरत नाही आणि माकडहाडाजवळची कातडी घासत नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर नळीतून जेवण देताना पाठ ३० ते ४५ अंश वर ठेवा, तोंडानं भरवताना जमेल तितकं सरळ बसवा, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. बेड महागाचा असला तरी कूस तुम्हालाच बदलायची आहे, साधारण दर दोन तासांनी.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला अख्खा गोतावळा येतो. त्यांना खुर्च्या द्या. बेडवर लिहिलेल्या वजनात गादी, पेशंट आणि वरचं सामान सगळं आलं. उचललेल्या भागावर तर कुणीच बसू नये.

पुसताना आधी प्लग काढा. पिळलेलं फडकं पुरे, बादलीनं पाणी नको. ब्लीच वापरलंत तर मागून साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर लोखंड गंजतं.

बेड हललाच नाही तर प्लग, रिमोटचा लॉक आणि रिमोटची वायर बॉक्समध्ये नीट बसली आहे का, एवढं पाहा. जळका वास आला तर प्लग काढा आणि बॉक्स कुणालाही उघडू देऊ नका, मोबाइल दुरुस्तीवाल्या भाच्यालासुद्धा. बॉक्सवरच्या स्टिकरचा फोटो आम्हाला पाठवा, म्हणजे येताना बरोबर तोच पार्ट घेऊन येता येतो.