तातू

तातू : लेना कातिना (जन्म १९८४) आणि युलिया वोल्कोवा (जन्म १९८५) या रशियन पॉप गायिकांची जोडी. १९९९ मध्ये मॉस्कोत जमलेली ही जोडी २०११ मध्ये रीतसर मोडली. नाव ‘ता ल्युबित तू’ या रशियन वाक्यावरून घेतलेले आहे. त्यातला ‘तू’ आपला नव्हे. तो ‘तिला’ या अर्थाचा. ‘ती तिच्यावर प्रेम करते’ असा वाक्याचा अर्थ, आणि जोडीचे सगळे भांडवल या तीन शब्दांतच होते.

दोघी ‘नेपोसेदी’, म्हणजे ‘चुळबुळी मुले’, या बालगायकवृंदात तयार झाल्या. त्यांना हेरले इवान शापोवालोव याने. मानसोपचार सोडून जाहिरातींच्या धंद्यात शिरलेला हा माणूस. शाळकरी मुलींच्या प्रेमावरचा एक स्वीडिश चित्रपट तेव्हा गाजत होता. त्यातून कल्पना सुचली आणि २००० मध्ये ‘या सोश्ला स उमा’ (मला वेड लागले) हे पहिले गाणे आले. व्हिडिओत शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली भर पावसात जाळीच्या कुंपणाला चिकटून उभ्या आहेत, एकमेकींचे चुंबन घेतात, आणि पलीकडून छत्र्या धरलेली मोठी माणसे टक लावून पाहतात. शेवटी मुली कोपरा वळून निघून जातात, तेव्हा कळते की कुंपणात अडकलेली ती पाहणारी माणसेच. कल्पना चलाख होती, यात वाद नाही. पण तेव्हा दोघींपैकी एकीनेही सतरावे गाठलेले नव्हते, आणि मुलींची ही जवळीक विकणारा मोठा माणूस चौकटीबाहेर सुरक्षित होता.

इंग्रजी आवृत्ती ब्रिटिश निर्माता ट्रेव्हर हॉर्न याने केली. फेब्रुवारी २००३ मध्ये ती ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे तिथेच राहिली. कोणत्याही रशियन कलाकाराला हे आधी जमले नव्हते. अमेरिकेत गाणे विसाव्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याच सुमारास इराक युद्धाच्या तोंडावर दोघी तिथल्या दूरचित्रवाणीवर रशियन भाषेतली अर्वाच्य युद्धविरोधी घोषणा छापलेले टी-शर्ट घालून आल्या.

मे २००३ मध्ये रीगा (लाटव्हिया) इथल्या ‘युरोव्हिजन’ या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ‘ने वेर, ने बोइस्या’ (विश्वास ठेवू नकोस, भिऊ नकोस) गाऊन जोडी तिसरी आली. तुर्कस्तानला १६७ गुण, बेल्जियमला १६५, रशियाला १६४. आयर्लंडने प्रेक्षकांच्या मतांऐवजी राखीव पंचांचे गुण दिल्याबद्दल रशियन वाहिनीने तक्रारही केली. पुढच्याच महिन्यात टोकियोत एका थेट प्रक्षेपित संगीत कार्यक्रमातून दोघी न गाताच निघून गेल्या. रिकामा वेळ ‘थी मिशेल गन एलिफंट’ या जपानी रॉक बँडने आणखी एक गाणे वाजवून भरून काढला. जपानी रॉकप्रेमी ती रात्र आजही त्या बँडसाठीच आठवतात.

विताली मान्स्की याच्या २००३ मधील माहितीपटातून दोघी प्रेयसी नसल्याचे उघड झाले. २००४ च्या सुरुवातीला शापोवालोवशी फारकत झाली, त्याच वर्षी वोल्कोवाला मुलगी झाली. जुनी प्रतिमा तिथेच संपली. २००५ चे रशियन व इंग्रजी अल्बम युरोपात बऱ्यापैकी चालले. त्यानंतरचा प्रवास उतरणीचा.

मोडलेली जोडी फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी पुन्हा मंचावर आली आणि हातात हात घालून ‘नास ने दगोन्यात’ (आम्हाला गाठू शकणार नाहीत) हे जुने गाणे गायली. अल्पवयीनांपुढे समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करण्यावर बंदी घालणारा कायदा रशियाने जून २०१३ मध्येच केला होता. मुख्य सोहळ्यात रशियन खेळाडूंचे पथक मैदानात आले ते याच गाण्याच्या चालीवर.