सलिव्हन मोहिमेचे रस्त्याकडेचे फलक : पार्श्वभूमी

अमेरिकेतील हमरस्त्यांच्या कडेला खांबावर बसवलेले, चार-सहा ओळींत एखादी जुनी घटना सांगणारे धातूचे फलक ठिकठिकाणी दिसतात. वसाहतींचा काळ आणि स्वातंत्र्ययुद्ध हे त्यांतील अनेकांचे विषय असले, तरी हे फलक उभे राहिले ते बहुतांशी १९२० नंतर, आणि त्यांतील मजकुरावर त्या उत्तरकाळाची छाप स्पष्ट आहे.

या उपक्रमाला बळ दिले ते मोटारीने. १९२० साली अमेरिकेत सुमारे ८० लाख प्रवासी मोटारी होत्या. १९३० पर्यंत त्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या पुढे गेली. १९२६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक देण्यात आले आणि त्याच वर्षी, स्वातंत्र्ययुद्धाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने ऐतिहासिक स्थळांवर फलक लावण्याची योजना सुरू केली. १९२७ मध्ये व्हर्जिनियाने पहिल्या क्रमांकाच्या महामार्गावर आपले फलक उभारले. धावत्या मोटारीतून वाचता यावा म्हणून मजकूर त्रोटक ठेवला जाई, आणि या त्रोटकपणामुळे कोणाची बाजू गाळायची हा प्रश्न प्रत्येक फलकामागे उभा राहत असे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील सलिव्हन मोहिमेचे, म्हणजे १७७९ साली अमेरिकी सैन्याने मूलनिवासींच्या वस्त्यांवर केलेल्या स्वारीचे फलक. होडेनोशोनी, म्हणजे मूलनिवासींच्या सहा राष्ट्रांच्या संघात, स्वातंत्र्ययुद्धामुळे फूट पडली होती. सेनेका, कायुगा, मोहॉक आणि ओनोंडागा यांच्यापैकी बहुतेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली, तर ओनायडा आणि टस्करोरा प्रामुख्याने अमेरिकनांबरोबर राहिले. १७७८ हे वर्ष सीमेवरील वसाहतींना फार जड गेले : जुलैत पेन्सिल्व्हेनियातील वायोमिंग खोऱ्यात आणि नोव्हेंबरमध्ये चेरी व्हॅली येथे ब्रिटिशनिष्ठ व त्यांचे मूलनिवासी सहकारी यांनी हल्ले केले. त्यावर उपाय म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३१ मे १७७९ रोजी जनरल जॉन सलिव्हन यांना लेखी आदेश दिला. शत्रुराष्ट्रांच्या वस्त्यांचा संपूर्ण विध्वंस करावा आणि सर्व वयांचे स्त्रीपुरुष शक्य तितके कैद करावेत, असा त्याचा आशय होता.

२९ ऑगस्ट रोजी आजच्या एल्मायराजवळ न्यूटाउन येथे झालेली लढाई हीच या मोहिमेतील एकमेव मोठी लढाई. बाकीची मोहीम जाळपोळीची होती. चाळीस गावे आणि किमान एक लाख साठ हजार बुशेल (धान्य मोजण्याचे माप) मका नष्ट केल्याचे सलिव्हन यांनी स्वतःच कळवले. घेवडा, भोपळे, सफरचंद आणि पीच यांच्या बागाही तोडल्या गेल्या. ही लांबलचक घरांची, फळबागांची आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतीची गावे होती. बेघर झालेले हजारो लोक नायगारा किल्ल्यावरील ब्रिटिशांच्या आश्रयाला गेले आणि १७७९-८० च्या अतिकडक हिवाळ्यात त्यांतील अनेक जण भूक, थंडी व रोगराईने मरण पावले. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्क शहरातून नायगारा धबधबा पाहायला निघालेली मराठी कुटुंबे आज मोटारीने पुष्कळदा याच प्रदेशातून जातात.

१९२९ मध्ये, मोहिमेच्या दीडशेव्या वर्षी, न्यूयॉर्क आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांनी सैन्याच्या मार्गावर कांस्यपट्ट बसवलेल्या शिळा उभारल्या. सीमेवरील आक्रमणाला या मोहिमेने आळा घातला आणि अमेरिकेचे प्रभुत्व पश्चिमेकडे वाढवले, असा गौरव न्यूयॉर्कच्या शिळांवर आहे. यातील दुसरे विधान वस्तुस्थितीला धरूनच आहे, कारण युद्धानंतर याच भूमीतील मोठा भाग सैनिकांना इनाम म्हणून वाटला गेला. पण जळालेल्या गावांतील माणसांचे काय झाले, हे त्या मजकुरात नाही, आणि माझ्या मते ही उणीव जागेच्या टंचाईने समर्थनीय ठरत नाही. सेनेकांचे नेते कॉर्नप्लांटर यांनी १७९० मध्ये वॉशिंग्टन यांच्यासमोर सांगितले होते की आमचे लोक तुम्हाला ‘गावे उद्ध्वस्त करणारा’ म्हणतात, आणि ते नाव ऐकताच आजही आमच्या बायका मागे वळून पाहतात व मुले आईच्या गळ्याला बिलगतात. फलक लिहिणाऱ्यांना हे साधन उपलब्ध होते.

न्यूयॉर्कच्या योजनेचा सरकारी निधी १९३९ मध्ये थांबला, तरी १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत राज्यात सुमारे २,८०० फलक लागले होते. जुन्या मजकुरांना आव्हान मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे मूलनिवासी १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शोकदिन पाळतात. १९९७ च्या मोर्च्यात झालेल्या अटकांनंतर समझोता झाला आणि १९९८ मध्ये त्या गावाने शोकदिनाचा फलक कोल्स हिलवर, तर वसाहतवाल्यांशी लढलेल्या मेटाकॉमेटचा फलक गावात लावला. पेन्सिल्व्हेनियाच्या राज्य आयोगाने अलीकडे आपल्या सर्व फलकांचा फेरआढावा घेतला. पिट्सबर्ग येथील एका फलकावर, जनरल जॉन फोर्ब्स यांच्या १७५८ मधील विजयाने अमेरिकेत ‘अँग्लो-सॅक्सन वर्चस्व’ प्रस्थापित झाले, असे लिहिलेले होते. आयोगाने तो फलक काढून टाकला.