इन्यो काउंटी, कॅलिफोर्निया

इन्यो काउंटी हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्वेकडील, नेवाडाच्या सीमेला लागून असलेला ग्रामीण प्रशासकीय विभाग आहे. त्याची स्थापना १८६६ मध्ये झाली. मुख्यालय इंडिपेंडन्स हे लहानसे गाव असून बिशप ही सर्वांत मोठी वस्ती आहे. क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौ. किमी. असले तरी २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम १९,०१६ भरली. बहुतेक जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे. अलास्का वगळता देशातील सर्वांत उंच शिखर मौंट व्हिटनी (४,४२१ मी.) याच काउंटीच्या सीमेवर आहे आणि उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल जागा, डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर (समुद्रसपाटीखाली ८६ मी.), हीसुद्धा इथेच. पण या भूमीचा इतिहास घडवला तो डोंगरांपेक्षा पाण्याने.

सिएरा नेवाडाचे बर्फ वितळून ओवेन्स खोऱ्यात उतरते. गोऱ्या वसाहतकारांच्या कितीतरी आधी इथल्या पायूट लोकांनी या पाण्याची व्यवस्था बसवली होती. वसंत ऋतूत दगड, झाडोरा आणि चिखल यांचा बंधारा घालून ते ओढा अडवत आणि पाटांनी पाणी गवताळ कुरणांवर फिरवत. तिथे उगवणारे कंद आणि बिया हे त्यांचे अन्न होते. पाणी सोडण्यासाठी लोक आपल्यातूनच एक पाटकरी निवडत. हंगाम संपला की बंधारा मोडून कोरड्या पडलेल्या पाटातले मासे गोळा करत. इतकी नेटकी सिंचनव्यवस्था डोळ्यांसमोर असताना या लोकांना केवळ ‘भटके’ ठरवले गेले, हा मोठा अन्याय होता. १८६१ नंतर गुरे घेऊन आलेल्या पशुपालकांनी हीच कुरणे बळकावली आणि संघर्ष पेटला. ४ जुलै १८६२ रोजी सैन्याने कॅम्प इंडिपेंडन्स उभारला. पुढच्याच वर्षी सुमारे हजार पायूटांना भर उन्हाळ्यात दक्षिणेकडे फोर्ट तेहोनपर्यंत पायी हाकलत नेण्यात आले. अनेक जण पुढे परत आले, पण तोवर शेतांवर दुसऱ्यांचे कुंपण पडले होते.

खोऱ्यात पैसा आला तो चांदीमुळे. ओवेन्स सरोवराच्या वरच्या डोंगरात सेरो गोर्डोच्या खाणी १८६० च्या दशकात सुरू झाल्या. तिथल्या चांदी-शिशाच्या लगडी खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसला जात आणि तेव्हाच्या त्या लहान शहराचा व्यापार या मालावर चांगलाच वाढला. सरोवराच्या पश्चिमेला कोळसा पाडण्याच्या मातीच्या भट्ट्यांचे घुमट आजही ढासळत्या अवस्थेत उभे आहेत. डेथ व्हॅलीतला हार्मनी बोरॅक्स कारखाना (१८८३–८८) आणि तिथून मोहावीपर्यंत टाकणखार वाहणाऱ्या वीस जनावरांच्या गाड्या याच काळातल्या.

२६ मार्च १८७२ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लोन पाइन गावातली ५९ पैकी ५२ घरे पडली आणि २७ माणसे दगावली. त्यांपैकी १६ जणांची सामूहिक कबर गावाच्या उत्तरेला महामार्गाजवळ आहे. याच भूकंपात काउंटीचे पहिले न्यायालयही कोसळले. दुसरे १८८६ च्या आगीत गेले. सध्याची खांबांच्या दर्शनी भागाची भव्य इमारत चौथी, १९२१ ची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला पाणी कमी पडू लागले. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी १९०५ च्या सुमारास खोऱ्यातल्या जमिनी व त्यांबरोबरचे पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. खरा हेतू अनेक विकणाऱ्यांना ठाऊक नव्हता. अभियंता विल्यम मलहॉलंड यांनी बांधलेला, सुमारे ३७५ किमी. लांबीचा, केवळ उताराने वाहणारा जलवाहिनी मार्ग ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सुरू झाला. अभियांत्रिकी म्हणून ते काम थोरच होते. त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. १९२४ मध्ये शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला अलाबामा गेट्स हे कालव्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा नदीत सोडले. चार दिवस बायका-मुले तिथे मुक्कामाला होती, चुली पेटल्या होत्या. पण १९२७ मध्ये या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या वॉटरसन बंधूंची बँक बुडाली, दोघे अपहाराबद्दल दोषी ठरले आणि प्रतिकार मोडला. ओवेन्स सरोवर तोवर कोरडे पडले होते. त्याच्या तळाची खारट धूळ पुढे कित्येक दशके लोकांच्या फुप्फुसांत जात राहिली.

काउंटीतले सर्वांत महत्त्वाचे स्मारक म्हणजे मँझनार. १९१० मध्ये सफरचंदांच्या बागांसाठी वसलेले हे गाव शहराने जमिनी घेतल्यावर ओस पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मार्च १९४२ मध्ये याच ओसाड जागेवर जपानी वंशाच्या लोकांना डांबण्याची छावणी उभी राहिली. तिथे ११,००० हून अधिक माणसांना ठेवले गेले, त्यांतली बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. कोणावरही आरोप नव्हता, खटला नव्हता. ६ डिसेंबर १९४२ रोजी निदर्शकांवर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. वाऱ्याधुळीच्या बराकींमध्येही लोकांनी बागा, तळी, शाळा उभ्या केल्या. छायाचित्रकार तोयो मियाताके यांनी चोरून आणलेल्या भिंगापासून कॅमेरा बनवून आतले जीवन टिपले. छावणी २१ नोव्हेंबर १९४५ रोजी बंद झाली.

त्यानंतर बराकी विकल्या, पाडल्या गेल्या. दगडी पहारेचौक्या, स्मशानातला पांढरा स्तंभ आणि सभागृह तेवढे उरले. सभागृहात काउंटीची वाहने उभी राहत. १९६९ पासून दरवर्षी माजी बंदी व त्यांची कुटुंबे इथे यात्रा काढू लागली. त्यांच्या चिकाटीनेच १९७० च्या दशकात राज्याने स्मारक-फलक लावला. त्यावर ‘छळछावणी’ हा शब्द असावा यासाठी त्यांना भांडावे लागले आणि ते भांडणे योग्यच होते. ३ मार्च १९९२ रोजी मँझनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. सभागृहात आता संग्रहालय आहे आणि टेहळणीचा एक मनोरा पुन्हा बांधला आहे.

बिशपजवळचे लॉज (Laws) नावाचे अरुंदमापी रेल्वेचे जुने स्थानक १९६० मध्ये गाड्या थांबल्यावर संग्रहालयात रूपांतरित झाले. डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले आणि सरोवराच्या तळावर धूळ दाबण्याचे काम लॉस एंजेलिस शहराच्या खर्चाने चालू आहे. पायूट जमातींच्या पाण्याच्या हक्कांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.